शेन आजींचा थर्मास

मित्रांनो, मी कचेऱ्यांची एक उंच इमारत आहे. आमच्या नदीकाठच्या नव्या वस्तीत माझ्याइतकी उंच दुसरी कोणी नाही, हे मी न विचारताच सांगते. गर्व म्हणा हवं तर. माझं कागदोपत्री नाव 'सुवर्णशिखर'.

पण उद्घाटनाची भाषणं चालू असताना शेन आजींनी माझ्या गोल डोक्याकडे पाहिलं. मी उभी आहे तिथे पूर्वी त्यांचा कलिंगडाचा मळा होता. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हा तर गरम पाण्याचा थर्मास! झाकणासकट!" सगळे खो खो हसले आणि ते नाव मला कायमचं चिकटलं. बसचे ड्रायव्हरही "थर्मास आला, उतरा" असं ओरडू लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आजी मात्र रोज संध्याकाळी माझ्याच अंगणात मैत्रिणींबरोबर गाणी लावून नाचायच्या. पुढे त्यांना विसर पडू लागला. आधी नाचाची पावलं गेली, मग मैत्रिणींची नावं. माझ्या झाकणावरचे निम्मे दिवेही विझले होते, पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता?

मग नवे व्यवस्थापक फांग साहेब आले. हे हसं पुरे झालं, झाकण उतरवून टोकदार कळस बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. मला कोण आनंद झाला!

कंत्राटदाराला घेऊन ते दारात उभे होते, त्याच संध्याकाळी आजी हरवल्या होत्या. त्यांचा मुलगा दाशान रडवेला होऊन ज्याला त्याला विचारत होता. तेवढ्यात एक टॅक्सी थांबली आणि आजी उतरल्या.

"नदीपलीकडच्या बाजारात बसल्या होत्या," टॅक्सीवाला म्हणाला. "घर कुठे, आठवत नाही. मुलाचं नाव, तेही नाही. सारखं एकच, 'थर्मासपाशी सोड रे बाबा.' मग काय, थर्मास कुणाला ठाऊक नाही?"

"अगं आई, कुठे गेली होतीस? जेवलीस तरी का?" दाशानने त्यांचा हात घट्ट धरला.

आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तो बघ, माझा थर्मास. मळ्यातच ठेवलाय मी."

फांग साहेब मान वर करून झाकणावरचे विझलेले दिवे मोजू लागले. मग कंत्राटदाराला म्हणाले, "झाकण राहू द्या. आधी त्याचे गेलेले दिवे बदला."

मित्रांनो, आता कुणी थर्मास म्हटलं की माझी छाती अभिमानाने फुगते. सुवर्णशिखर नाही म्हटलंत तरी चालेल. फक्त अंधार पडायच्या आत माझे दिवे लावत जा. नदीपलीकडे कुणीतरी आपलं घर शोधत असेल.