तळाची जाळी

तळाची जाळी दिसल्याशिवाय आर्याला पाण्यात सोडायचं नाही, हा नियम सोनमने स्वतःच केला होता, आणि आता तो तिच्याच गळ्याशी आला होता. एप्रिल लागला, आर्याच्या शाळेला सुट्टी लागली, आणि मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलमध्ये मात्र पातळ ताक ओतल्यासारखं पाणी. काठावर उभं राहिलं की पहिल्या दोन पायऱ्या दिसायच्या. तिसरीचा नुसता अंदाज यायचा. त्यापुढे काही नाही.

"आज दिसली?" दात घासता घासता आर्या रोज विचारायची.

"नाही."

"मला दिसली."

"खोटं."

"थोडीशी दिसली," आर्या फेस थुंकून म्हणायची. "तू चष्मा लाव."

पावणेपाच वर्षांच्या मुलीला काय सांगणार? पाणी गढूळ असलं आणि एखादं मूल आवाज न करता तळाशी गेलं, तर दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या आईलाही ते दिसत नाही. हे सोनमने कुठेतरी वाचलं होतं आणि वाचल्यापासून ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. शिवाय बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी. पाण्याच्या एका थेंबात काय काय वळवळतं ते तिने काचेखाली पाहिलेलं होतं.

महादेवपुऱ्याच्या पलीकडची, कानडी मुलखातली ही बावीस घरांची वसाहत. भिंती उंच, झाडं छाटलेली, माणसं गाड्यांच्या काचांमागे. घर भाड्याने घेतलं तेव्हा सुशांत आणि ती मागचा पूल बघूनच हरखली होती. नागपूरला कॉलेजात असताना सोनम पोहायची. आर्यालाही आपण दोघं मिळून शिकवू असं ठरलं होतं. चार महिन्यांत सुशांतला कंपनीने वर्षभरासाठी रॉटरडॅमला पाठवलं आणि पूलशेजारी सोनम राहिली, आर्या राहिली आणि पाणी गाळणारा एक जुना फिल्टर. फेब्रुवारीत तोही बाजूने फाटला.

"तुम्हाला हवा तो नवीन निवडा," घरमालकांनी फोनवर सांगितलं. "वापरणार तुम्ही."

सोनमने वहीत तक्ता आखला. सगळ्यात बारीक गाळणारा पावडरचा फिल्टर. पण ती पावडर हाताळताना श्वासात जाऊ द्यायची नाही, म्हणजे घरात लहान मूल असताना नकोच. मग कागदासारख्या घड्यांचं कार्ट्रिज. आणि शेवटी वाळूचा फिल्टर, तिन्हींत सगळ्यात जाड गाळणारा. सुशांतने तिकडून चार लिंका पाठवल्या, चारही कार्ट्रिजच्या.

फाटलेला फिल्टर काढायला मल्लाप्पा आला. पन्नाशीचा, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला, मूळचा गोकाकजवळचा. तिचं फोनवरचं बोलणं ऐकून म्हणाला, "मराठी काय तुम्ही? मग हिंदीत कशाला झटापट करायची अक्का, बोला की."

सुशांत गेल्यापासूनच्या दीड महिन्यात आर्याशिवाय समोरासमोर कुणी तिच्याशी मराठी बोललेलं नव्हतं. तिने त्याला विचारलं त्यापेक्षा जास्तच विचारलं.

"हितलं बोअरचं पाणी बघितलासा?" मल्लाप्पाने नळाखालच्या फरशीवरचा तांबूस डाग बुटाने दाखवला. "लोखंड हाय त्यात, खार हाय. कार्ट्रिज म्हणजे पंधरा दिवसात पापड हुतंय. काढायचं, पाइप मारून धुवायचं, ॲसिडात बुडवायचं. तुम्ही एकट्या, बारकी पोरगी. वाळूच घ्या. दांडा फिरवायचा, झालं काम."

तिने वाळूचा घेतला. निळी टाकी बसली, त्यात वाळू भरली गेली, आणि मल्लाप्पाने खिशातून कागदाची पुडी काढली. आयुधपूजेला गाड्यांना लावतात तसं टाकीला कुंकू लावून त्याने तिच्याकडून नारळ फोडून घेतला. आर्याला खोबरं मिळालं. वर बसवलेल्या घड्याळासारख्या तबकडीत दाबाचा काटा बारावर थांबला होता.

"आर्या, बारा लक्षात ठेव," सोनम म्हणाली.

आणि तीन आठवडे झाले तरी पाणी निवळेना.

सुशांतचा फोन दुपारी साडेबाराला यायचा, त्याच्या ऑफिसच्या आधी. मागे त्याची किटली वाजत असायची. "मी कार्ट्रिज म्हणालो होतो," तो म्हणाला. रागाने नाही, सहज, टोस्टला लोणी लावता लावता. "ठीक आहे गं. नाहीतर मालकांना सांग, रिकामा करून झाकून टाका. तुला एकटीला झेपत नसेल तर उगाच कशाला?"

"झेपतंय," सोनम म्हणाली.

फोन ठेवून ती मागे गेली. मोटर बंद केली, दांडा दाबून बॅकवॉशवर फिरवला, मोटर सुरू केली. उलट्या दिशेने वाळूतून पाणी धडधडत वर आलं, काचेच्या छोट्या नळीत पिवळट दिसलं, मग पांढरट, मग स्वच्छ. ती नळी स्वच्छ झालेली बघितली की तिला जरा बरं वाटायचं. दिवसभरात आपण केलेलं एवढं एकच काम पूर्ण झालेलं दिसायचं. पूलमधलं पाणी चार बोटं उतरायचं, मग ती बोअरचा पाइप सोडून ते पुन्हा भरायची.

त्या शनिवारी तिने मल्लाप्पाला पुन्हा बोलावलं. तो आला, क्लोरिन तपासायचे थेंब टाकून रंग बघितला, काट्याकडे बघितलं, डोकं खाजवलं.

"सगळं बरोबर हाय. मोटर किती तास?"

"आठ. कधी नऊ."

"आणि बॅकवॉश?"

"रोज करते," सोनम जरा अभिमानानेच म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही."

मल्लाप्पा मोटरच्या कट्ट्यावर बसला. "रोज? रोज कशाला वो अक्का?"

"गाळणं आहे ना ते. स्वच्छ नको?"

नागपूरला आईच्या घरी नळाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं. रोज संध्याकाळी ते सोडायचं, साबणाने धुवायचं, उन्हं असतील तोवर वाळवायचं, दुसरं बांधायचं. धुतलं नसेल तर आई त्या दिवसाचं पाणीही पिऊ देत नसे. गाळणं म्हटलं की रोज धुणं, हे सोनमला कुणी शिकवावंच लागलं नव्हतं. आर्याच्या बाटल्या तिने दीड वर्ष उकळल्या होत्या.

"तसं न्हाई हे," मल्लाप्पा म्हणाला. "कोरी वाळू जाडं तेवढं धरती. बारीक धुरळा तिच्यातनं निसटून परत पाण्यात. स्वल्प मळ बसला वाळूत की तोच मळ पुढचा मळ धरतोय. तुम्ही रोज त्यो बसलेला मळ घालवालाय. वर नवं बोअरचं पाणी सोडालाय, म्हणजे रोज ताजं लोखंड. पाणी कधी निवळायचं?"

आर्या मध्येच म्हणाली, "म्हणजे आईमुळे घाण झालं?"

"आईनं लई साफ केलं म्हणून," मल्लाप्पा म्हणाला. "बघ बाळ, काटा बारावर हाय. त्यो वीसवर जाईपर्यंत कुणी दांड्याला हात लावायचा न्हाई. आईनंबी न्हाई."

जाताना दारात तो थांबला. "अक्का, मला यायला काय न्हाई. ही माझी सहावी खेप. पण फिल्टर बरा चालला की मेकॅनिकला लोकं विसरत्यात. तसंच पायजे."

सोनमने मान हलवली. सहा खेपा. तिने मोजल्या नव्हत्या. त्यातल्या दोन वेळा तर मोटरच्या आवाजावरून बोलावलं होतं, आणि आवाज तसा नेहमीसारखाच होता.

न करण्याचं काम किती अवघड असतं ते तिला पुढच्या आठवड्यात कळलं. रविवारी ती तीनदा मागे जाऊन आली. सोमवारी तिने हात पाठीमागे बांधून काटा बघितला: बाराच. पाणी तसंच. मंगळवारी चौथ्या पायरीसारखं काहीतरी दिसलं, पण ते ढगांमुळेही असेल. बुधवारी आर्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, हात नाही लावायचा," आणि सोनमला कळलं की आपला हात खरंच तिथे होता.

गुरुवारी सुशांत म्हणाला, "एकदा धुऊन तर बघ. गाळणी साफ असेल तर जास्त चांगलं गाळेल, साधं लॉजिक आहे."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. रविवारपर्यंत थांबते. रविवारीही नाही दिसलं तर मालकांना कळवते, झाकून टाका म्हणून."

पूल झाकला की मागच्या अंगणात काय उरेल ते तिने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. निळी ताडपत्री, चार कुंड्या आणि मोटरची घरघरही नाही. ती घरघर दिवसातले आठ तास घरात होती, आणि तिच्या नकळत सोबत करत होती.

शुक्रवारी ती तिकडे गेलीच नाही. कपड्यांच्या घड्या घातल्या, आर्याला इडली भरवली, आईला फोन केला. आईने विचारलं, "करमतं का गं?" "करमतं की," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी आर्याची हाक आली. ओरडणं नव्हतं ते. आश्चर्याने हळू झालेला आवाज होता. "आई, माझी वाटी."

सोनम धावली. आर्या काठापासून तीन फुटांवर, आखून दिलेल्या रेषेच्या आतच उभी होती. भातुकलीतली स्टीलची वाटी, जी महिनाभर पलंगाखाली, सोफ्यामागे, कचऱ्यातसुद्धा शोधली होती, ती पूलच्या तळाशी पडलेली होती. आणि तिच्या वीतभर पलीकडे काळी, गोल, भोकाभोकांची जाळी. सोनमने भोकं मोजून बघितली. मोजता आली.

काटा तेरावर होता.

तिने जुना पोहण्याचा पोशाख शोधून काढला. तो कमरेत तटतटला. आर्याच्या दंडांना फुगे चढवले, दोनदा तपासले, मग तिला छातीशी धरून एकेक पायरी उतरली. पाणी गार होतं. आर्याने तिचा गळा इतका आवळला की श्वास कोंडला, मग हळूहळू एक हात सुटला, मग दुसरा. सोनमने दीर्घ श्वास घेऊन बुडी मारली आणि वाटी वर आणली. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून तिने वर बघितलं, तर आर्याचे दोन्ही पाय जोरजोरात चालत होते. स्पष्ट दिसत होते, बोटांसकट.

दुपारी ओल्या केसांनी तिने मल्लाप्पाला फोन लावला. पलीकडे कुठेतरी ड्रिल चालू होतं.

"अण्णा, जाळी दिसली."

"सरी, बरं. मग झालं की."

"तुम्ही बघायला नाही येणार?"

"बघायचं काय त्यात अक्का? दिसली म्हणजे दिसली. काटा वीसवर गेला की दांडा फिरवा. आता तुम्हाला येतंय सगळं."

"हो," ती म्हणाली. "येतंय." अजून काहीतरी विचारायला हवं होतं. ते आठवेपर्यंत ड्रिल पुन्हा सुरू झालं आणि फोन बंद झाला.

सुशांतला तिने फोटो पाठवला. त्याचा अंगठा आला, आणि मागोमाग: आज शनिवारीही मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलू.

आर्या दमून झोपली होती. सोनम पहिल्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली. तळापर्यंत सगळं दिसत होतं आणि तळाशी काहीही नव्हतं. उठून ती टाकीपाशी गेली, हात पाठीमागे बांधून वाकली, काटा पाहिला.

तेरा. वीसला अजून बरेच दिवस होते.