पाणी मोकळं आहे

दीर सकाळी सकाळी दारात उभा राहिला, तेव्हाच वहिनीनं ओळखलं की ह्याचं काहीतरी अडलंय. एरवी धरणावरचा हा मुकादम भावजयीच्या दाराशी कशाला फिरकतोय! काखेत पोत्यात गुंडाळलेली करवत होती.

"वहिनी, तुमची होडी हवीये. आणि कुणाशी बोलू नका. घरातलं माणूस म्हणून आलो तुमच्याकडे."

घरातलं माणूस! ऐका आता. धरण भरायच्या आधी खोऱ्यातलं रान तोडायचं काम ह्याच्याकडे होतं. ह्यानं काठाकाठानं चार झाडं पाडली, बाकीचं रान तसंच बुडू दिलं आणि साहेबांना छाती ठोकून सांगितलं, एक झाड उभं नाही, पाणी मोकळं आहे. मग ते रान खाली कुजायला लागलं. पाणी काळं पडलं, नासक्या अंड्यांसारखा वास सुटला, मासे पोट वर करून काठाला लागले. मासे धरणाऱ्यांनी होड्या फोडून चुलीत घातल्या आणि पोटामागं निघून गेले. एकच होडी राहिली, वहिनीची.

आणि तिचा नवरा? त्याचं जाळं अशाच एका बुडालेल्या झाडात अडकलं. सोडवायला बुडी मारली ती मारलीच. वर यायला तिसरा दिवस उजाडला. ह्या सख्ख्या भावानं मात्र मयताला जमलेल्या लोकांसमोर डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं, "दादा प्यायलेला होता." ज्या माणसानं जन्मात थेंबाला शिवलं नाही, त्याच्याबद्दल! वहिनी तेव्हा काही बोलली नाही. दिराला वाटलं, विसरली. ह्या मेल्याला काही कळतच नव्हतं.

आता पाणी उतरलं होतं आणि मधोमध एका झाडाचा शेंडा बाहेर आला होता. नेमके आज मोठे साहेब पाहुण्यांना मोटारबोटीतून फिरवणार होते. ते यायच्या आत शेंडा छाटायचा, म्हणून ही करवत.

वहिनी वल्हवत निघाली. होडीच्या बुडाला फांद्या खरखरत होत्या.

"हळू, वहिनी!"

"तुम्ही तोडलेली झाडं आहेत भाऊजी, लागायचीच जरा."

शेंड्याशी पोचल्यावर दिरानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्याखालच्या बेचक्यात पाय रोवून उभा राहिला. करवत लावायला फांदी धरली, तर हाताला शेवाळलेलं जाळं लागलं. त्याची निळी दोरी वहिनीनं स्वतः ओवलेली होती.

"हे... दादाचं?"

"त्यांचंच," वहिनी म्हणाली आणि वल्ह्यानं झाडाला रेटा देऊन होडी मागं घेतली.

"अहो वहिनी! थट्टा पुरे!"

"थट्टा नाही. काठावर साहेब आलेत बघा. पाण्यावरून आवाज लांब जातो. दोनच गोष्टी मोठ्यानं सांगा. रान तोडलं नव्हतं. आणि माझा नवरा प्यायलेला नव्हता."

आधी त्यानं दम दिला. मग गोड बोलला. मग पोहून जायचं ठरवून एक पाय खाली सोडला, तर तो जाळ्यात गुंतला. किंचाळत त्यानं पाय ओढून घेतला आणि शेंड्याला मिठी मारली. करवत केव्हाच बुडाली होती.

वहिनी वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिली. तिला घाई नव्हती.

"रान तोडलं नव्हतं!" तो शेवटी ओरडला. काठावरची माणसं वळून बघायला लागली. "खाली झाडं आहेत! दादा प्यायला नव्हता हो! मी खोटं बोललो!" आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. वहिनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते ह्याच्यासाठी नव्हतं.

तिनं होडी वळवली आणि एकटीच काठाला आली. मोठे साहेब धावत पुढं आले. "अहो बाई, आधी त्याला घेऊन या ना!"

वहिनीनं होडी कोरड्यावर ओढली, वल्हं खांद्यावर घेतलं.

"तुमची मोटारबोट पाठवा की साहेब. पाणी मोकळं आहे."

साहेबांनी मोटारबोटवाल्याकडं पाहिलं. त्यानं काळ्या पाण्याकडं पाहिलं आणि किल्ली काढून खिशात टाकली.

मागून "वहिनी, वहिनी" अशा हाका येत होत्या.

"तिसऱ्या दिवशी बघू," वहिनी म्हणाली आणि घरच्या वाटेला लागली.