गुलाबी पाणी

सकाळी सात वाजता ओट्यावर चहाचे दोन कप होते आणि सासऱ्यांच्या फोनवर दोनशे चौदा न वाचलेले मेसेज. सव्वासातला मेसेज संपले होते, चहा निवला होता.

सासरे चौतीस वर्षं तारखात्यात होते. गल्ली त्यांना अजूनही तारमास्तरच म्हणे. खात्याचा एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता : आलेली तार अडवायची नाही. मजकूर खरा की खोटा, हे बघणं आपलं काम नव्हे. खातं बंद पडलं, नियम बोटांत उरला. फोनवर येईल ते सगळं ते सेहेचाळीस ग्रुपना पोचवत.

सून जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट होती. पाण्यात किती क्लोरीन सोडायचं, त्या कागदावर रोज तिची सही लागे. त्यांची गल्ली पाइपलाइनच्या अगदी टोकाला, म्हणून मागच्या रविवारी तिने घरच्या नळाचं पाणी तपासलं होतं. काचेच्या नळीत गोळी टाकली आणि पाणी गुलाबी झालं.

"बाबा, गुलाबी म्हणजे चांगलं. जंतू मारायला औषध पुरेसं आहे. रंग चढला नाही, तर घाबरायचं."

तारमास्तरांनी कौतुकाने फोटो काढला आणि 'आमच्या सूनबाईंची तपासणी' म्हणून पाठवून दिला.

आज तोच फोटो चहाबरोबर परत आला होता. कडा कापलेल्या, खाली लाल अक्षरं : 'नळाला गुलाबी विष! तुमच्या लेकीसुनांना वांझ करण्याचा डाव! लगेच पुढे पाठवा.' तारमास्तरांनी तो सेहेचाळीस ठिकाणी पाठवला.

"सूनबाई, हे बघितलंस का? काय दिवस आलेत!"

तिने बघितलं. नळीमागे तिच्याच ओट्याची तडकलेली फरशी होती.

"बाबा, हा तुमचाच फोटो आहे."

तारमास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "आम्ही कधी तार अडवली नाही गं."

"तारेखाली पाठवणाऱ्याचं नाव असायचं, बाबा."

ती केंद्रावर पोचली तेव्हा फाटकाशी दीड-दोनशे माणसं होती. निवडणूक तीन आठवड्यांवर. साहेबांच्या खोलीत नगरसेवक बसले होते, मांडीवर दोन फोन वाजत होते.

"बाई, मतदान होईपर्यंत ते औषध बंद ठेवा. मग हवं तेवढं घाला."

"लोक आजारी पडतील."

"मला काय कळत नाही? माझ्या घरीही हेच पाणी येतं. पण मी आता विष नाही म्हणालो, तर संध्याकाळपर्यंत ते मीच कालवलं असं होईल. त्या फोनपुढे माझं काय चालतंय?" बोलता बोलता त्यांनी डोळे चोळले. चार रात्री न झोपलेल्या माणसाचे डोळे होते ते.

साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. क्लोरीनच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं.

"सही करा. वाद नको."

"शून्यावर माझी सही मिळणार नाही, साहेब."

"नोकरीचा विचार करा."

"तो करूनच सांगतेय."

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि स्वतः सही केली. तिला घरी बसायला सांगितलं.

त्या संध्याकाळी तारमास्तर एकटेच फाटकाशी गेले. "फोटो माझा आहे, पाणी चांगलं होतं," असं त्यांनी तीनदा सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, सूनबाईंनी पढवून पाठवलं वाटतं!" हशा पिकला. चारजणांनी त्यांचं शूटिंग केलं. रात्रीच्या जेवणाआधी ते शूटिंग त्यांच्याच फोनवर आलं. वर लिहिलं होतं : 'विकला गेलेला म्हातारा.' ते त्यांनी पुढे पाठवलं नाही.

"बावळटपणा माझा, आणि भोग गल्लीला," ते म्हणाले.

"आता खुलासा लिहून उपयोग नाही, बाबा. चप्पल घाला. दारोदार जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघं निघाली. प्रत्येक दारात एकच सांगणं : औषध बंद केलंय, पाणी उकळून प्या. कुणी ऐकून घेतलं, कुणी दार लोटलं. एक बाई तोंडावर म्हणाली, "तुम्हीच विष घातलंत आणि आता उकळा म्हणताय?" तारमास्तरांचे गुडघे जिन्याजिन्याला कुरकुरत. सून वहीत घराचा क्रमांक लिही आणि पुढे 'उकळतात' किंवा 'नाही'. एवढं तरी नीट लिहिलेलं हवं, असं तिला वाटे.

पाच दिवसांत एकशे अठरा घरं झाली. बारा दिवसांनी तिने दवाखान्याची नोंद वहीशी ताडून पाहिली.

जुलाबाचे रुग्ण एकेचाळीस. पाणी उकळणाऱ्या बावन्न घरांतले दोन. उरलेल्या सहासष्ट घरांतले एकोणचाळीस.