मांगुराचा मुका

पुण्याहून राजवाडे साहेब गळ टाकायला येणार म्हटल्यावर, त्यांना तळ्यात फिरवून आणायचं काम बंकटनं आपणहून मागून घेतलं. चाळीस वर्षं त्या पाण्यात जाळं टाकलेला माणूस तो. असल्या हौशी लोकांची त्याला मनापासून किळस. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि ओठ फाटलेला जीव परत पाण्यात सोडायचा, म्हणे हा खेळ! खायचा नाही तर धरता कशाला, असं विचारायचीही सोय नव्हती, कारण पाहुणा विजयसिंहांचा. नांदूरघाटच्या वर, डोंगरातल्या त्या तळ्याकाठी विजयसिंहांनी नवं रिसॉर्ट काढलं होतं. राजवाड्यांना पाणी पसंत पडलं तर पुण्याची मंडळी दर महिन्याला येणार होती.

बंकटच्या मनात मात्र वेगळंच होतं. रिसॉर्टच्या मागं विजयसिंहांच्या कोंबड्यांच्या शेडा होत्या. मेलेल्या कोंबड्या खड्डा करून पुरायच्या, तर तेवढेही कष्ट नकोत. रोज सकाळी सरळ तळ्याच्या कोपऱ्यात फेकायच्या. गावच्या नळाला पाणी त्याच तळ्याचं. बंकटच्या नातीला दोन महिन्यांत दोनदा सलाईन लावून झालं होतं. ग्रामपंचायतीत तो तीनदा जाऊन आला, तिन्ही वेळा सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? पण पुण्याच्या साहेबाचा शब्द विजयसिंह खाली पडू देणार नाही. साहेबाला तो कोपरा एकदा दाखवायचा, पुढचं साहेबाचं नाकच बघून घेईल, असं त्यानं ठरवलं होतं.

साहेब आले ते छातीपर्यंत रबरी पँट चढवून. होडीत बसूनच तर मासे धरायचे होते, पण असो. डबीत गळाला बांधायच्या पिसांच्या खोट्या माश्या होत्या, हिरव्या, निळ्या, सोनेरी. रुखवतात मांडाव्यात अशा. लांब काठी मागं-पुढं झुलवत साहेब दोन तास दोरी फेकत राहिले. एकाही माशानं ढुंकून पाहिलं नाही.

"हिमाचलात असं कधी झालं नव्हतं," साहेब करवादले.

"हिमाचलचं मला काय ठावं न्हाई सायेब. पर त्या कोपऱ्यात मासा लई हाय," बंकट म्हणाला आणि त्यानं होडी वळवली.

वास आधी आला. मग कोंबड्या दिसल्या. फुगलेल्या, पंख पसरलेल्या, डोळे गेलेल्या. पाण्यावर पिसांचा थर धरला होता आणि त्यावर निळ्या माश्या घोंघावत होत्या, अगदी खऱ्या. बंकटनं होडी मुद्दाम तिथंच थांबवली. साहेबांनी नाकाला रुमाल बांधला, तसा तो मनातून हरखला.

"हे काय आहे?"

"मालकाच्या शेडातल्या मेल्याल्या कोंबड्या. रोज सकाळच्या पारी टाकत्यात. अन् ह्येच पाणी आमी पितो. माजी नात आजारी हाय, सायेब. तुमी तेवढं मालकाला सांगा. तुमचं ऐकतील त्ये."

साहेबांचं लक्षच नव्हतं. एक कोंबडी हिसका बसून पाण्याखाली गेली होती आणि तिथं काळी पाठ उलटली होती. मांगूर! साहेबांनी डबीतून पांढऱ्या पिसाची माशी काढली, घाईघाईनं बांधली आणि फेकली. दोरी लगेच ताणली गेली.

हाताएवढा मांगूर वर आला. काळा, बुळबुळीत, मिशाळ. साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली ओढला आणि त्या तोंडाचा, आत्ता सडकी कोंबडी चघळणाऱ्या त्या तोंडाचा, चक्क मुका घेतला.

"काढा, काढा फोटो!"

बंकटनं साहेबांच्या मोबाइलवर फोटो काढला. त्या दिवशी साहेबांनी सहा मासे धरले, आणि सहाही वेळा त्याला ते बघावं लागलं.

काठावर विजयसिंह उभे होते. होडी कुठून येतेय हे पाहून त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, तिकडं जरा घाण असती. आजच बंद करतो ते."

बंकटचं काळीज सुपाएवढं झालं. झालं काम!

"बंद? छे, छे!" साहेब म्हणाले. "असं पाणी उभ्या देशात नाही. फक्त एक करा, कोंबड्या सकाळी लवकर टाकता, त्या दहाला टाकत जा. मंडळी तोवर नाश्ता करून येतील. आणि खाडा नको."

एवढं बोलून साहेबांनी बाटलीतल्या विकतच्या पाण्यानं साबण लावून दोनदा हात धुतले. विजयसिंहांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बंकटच्या पाठीवर थाप मारली.

"ऐकलं का बे? उद्यापासून ह्ये काम तुझ्याकडं."

"अन् आमचं प्यायचं पाणी, सायेब?"

"उकळून प्यायचं," साहेब अगदी मायेनं म्हणाले. "उकळलं की सगळं मरतं."

"थू तुमच्या!" बंकट तिथंच थुंकला. "मुके तुमी घ्या, कोंबड्या बी तुमीच टाका." वल्हं चिखलात फेकून तो निघाला. भर उन्हात डोंगर उतरून घरी पोचला तेव्हा घशाला कोरड पडली होती. बायकोनं, दगडाबाईनं, तांब्या पुढं केला.

"लई वास मारतंय आज. दोनदा गाळलंय."

"उकळायचं की मग."

"उकळलं की आणखीच सुटतोय."

बंकटनं तांब्या तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. मग नाक दाबलं आणि प्यायला.