फावडेपायाचं माहेर

मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या ओहाकाहून लग्न होऊन उत्तरेतल्या दुरांगोत आलेल्या कासिल्दाला सासरी करमत नव्हतं. एका संध्याकाळी शेतातल्या डबक्यातून घोरल्यासारखा आवाज आला, तशी ती चिखलात धावली आणि पायांना फावड्यासारखी नखं असलेला बेडूक ओंजळीत घेऊन परतली.

“हा माझ्या माहेरचा,” ती म्हणाली.

“अगं, आमच्या शेतातला तो,” सासूबाई म्हणाल्या.

मास्तरकी करणारा दीर हसला. “दोघींचंही खरं, वहिनी. अमेरिकेच्या वाळवंटापासून पार ओहाकापर्यंत हा एकच बेडूक आहे. शास्त्रज्ञ बरीच वर्षं याला कॅलिफोर्नियातल्या भाऊबंदाच्या नावाने ओळखत होते. चूक कळल्यावर याचं जुनं नाव परत दिलं.”

“बिचारा,” सासूबाई म्हणाल्या. “सोड त्याला, आणि पाय धुऊन ये. मक्याच्या गोर्दिता गार होतायत.”

कासिल्दा निघाली, तर सासूबाईही मागोमाग आल्या. बेडूक सोडून दोघी जेवण विसरून डबक्याच्या काठावर ते घोरणं ऐकत बसल्या.