गुटगुटीत धनेश

आमच्या घरात दोन बाळं होती आणि सगळ्यांची काळजी चुकीच्या बाळाभोवती फिरत होती.

माझी प्राप्ती आणि माझ्या धाकट्या जावेचा, किशोरीचा, धनेश पंधरा दिवसांच्या अंतराने जन्मले. धनेश आला तोच गुटगुटीत. मनगटाला वळ्या, मांडीला वळ्या, मान तर शोधून काढावी लागायची. प्राप्ती लहानखुरी, लांब बोटांची, सदा हातपाय झाडणारी. काशीदच्या आमच्या कोळीवाड्यातली जी बाई बाळं बघायला यायची, ती आधी धनेशचा गाल ओढायची, मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणायची. "तुजं दूध पुरतं ना गो पोरीला?"

सासूबाई मात्र आवाज खाली आणायच्या नाहीत. नीराबाई म्हणजे जन्म मासळी बाजारात गेलेली बाई. पाटीकडे नुसतं बघून वजन सांगतात. सुरमई असो की नातवंडं, नजरेला भरलं की त्यांच्या मते माल चांगला. "कल्पिता, पोर सुकटीवानी दिसते. तो बघ धनेश, कसा भरलाय!" हे दिवसातून दोनदा ऐकायचं.

मला एक खोड आहे. कुणी काही ठामपणे सांगितलं की 'कशावरून?' असं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. रेवसला माहेरी यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. म्हणून अंगणवाडीत बाळांची वजनं घ्यायचा दिवस आला की मी नूतनताईंना सोडायचेच नाही. एकदा त्यांनी प्राप्तीला काट्यावर ठेवलं, तिच्या तक्त्यावर ठिपका काढला आणि म्हणाल्या, "छान."

"छान कशावरून? ठिपका तर खालीच हाय."

त्या हसल्या. "अगं, ही जन्मली तेव्हाच लहान होती. आपल्या जागेवरून निघाली आणि दर महिन्याला वर चढतेय. शेजारच्याच्या ठिपक्याशी हिची बरोबरी करायची नाही. हिच्याच मागच्या ठिपक्याशी करायची."

मला हे फार आवडलं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठिपक्यानं पोट भरतं काय गो?"

पुढे एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना माझा हात थांबला. गणपतीत सासूबाईंनी दोघांना एकाच मापाची झबली घेतली होती. प्राप्तीची केव्हाच तोकडी झाली होती, मी ती बाजूला काढत होते. धनेश मात्र तीच झबली अजून घालत होता. आणि जाड तर तो!

कशावरून, कशावरून करत मी दोघांना गोधडीवर शेजारी शेजारी निजवलं आणि विती टाकल्या. जन्मल्यावर धनेश चांगला लांब होता. आता प्राप्ती त्याच्या बरोबरीला आली होती. तिने तेवढ्यात माझा अंगठा तोंडात घातला, पालथी झाली आणि गोधडीवरून पसार झाली. धनेश निजवला तसा पडून राहिला. 'किती शहाणा, त्रास म्हणून नाही,' असं घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते शहाणपण आवडलं नाही.

पुढच्या वजनाच्या दिवशी मी नूतनताईंच्या खांद्यावरून धनेशच्या तक्त्यात डोकावले. शेवटचे ठिपके एका रांगेत आडवे बसले होते. ताईंच्या कपाळाला आठी पडली.

"किशोरी, गेल्या महिन्यात मी तुला विचारलं होतं. हा खातो ना सगळं?"

"खातो," किशोरी म्हणाली. जमिनीकडे बघून म्हणाली.

"तरी वजन थांबलंय. उद्याच्या उद्या आरोग्य केंद्रात दाखवून घे."

पण धनेश काय खातो ते मला पक्कं ठाऊक होतं. काही खात नव्हता. त्याचं उष्टावणच झालं नव्हतं. घरात ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. इतकं गुटगुटीत पोर, त्याला कसली घाई! प्राप्तीला सहावा महिना सरताच माझा भाऊ रेवसहून आला, तिला मांडीवर घेऊन पहिला भात भरवून गेला, आणि तेव्हापासून ती मऊ भात, वरण, केळं, दिसेल ते ओरबाडून खात होती. दोघांत फरक होता तो एवढाच, आणि इतके दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. दुसऱ्यांना 'कशावरून' विचारत फिरणाऱ्या मला तो दिसला नव्हता.

वाटेत मी किशोरीला गाठलं. "ताईला खोटं कशाला सांगितलंस गो?"

तिचे डोळे भरले. "वहिनी, चंदरनं सांगून ठेवलंय, भाच्याला पयला घास मीच देनार. तो ये म्हैन्यात येनार, पुढच्या म्हैन्यात येनार करता करता कंपनीनं त्याला जहाजावरच ठेवला. श्रीवर्धनचं घर बंद. आई न्हाय, बाबा न्हाय. मना माहेर म्हनून तोच एक हाय. त्याचा मान दुसऱ्या कुनाला कसा देऊ?"

मी तिला चार शब्द सुनावणार होते. सुनावले नाहीत. माझा भाऊ रेवसला होता, बोलावलं की येत होता. तिचा भाऊ कुठल्या समुद्रात होता तेही तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी धनेशला उलटापालटा करून तपासलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, रक्त तपासलं. आजार काही नव्हता. रक्त कमी होतं, त्यासाठी थेंब दिले. "सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर बाळाचं भागत नाही. बाळ जाड आहे म्हणून त्याला भूक कमी, असं नसतं. दूध चालू ठेवा, पण खाणं आजपासून. उद्यापासून नाही."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "मामाबिगर उष्टावन? आपल्यात असं झालं न्हाय कधी."

"मामाची वाट बघता बघता भाच्याची वाढ थांबलीय, आये!" माझा आवाज चढला. "मान मामाचा, पन पोट कुनाचं?"

आत जाऊन सासूबाईंनी स्वतः भात मऊ शिजवला, वरणात कालवला, वर तुपाची धार सोडली आणि वाटी किशोरीपुढे ठेवली. किशोरीने चंदरला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मांडीवर धनेश, हातात फोन, आणि वाटीकडे बघायचं नाही असा तिचा चेहरा.

बघितलं ते धनेशने. आमचा शहाणा, हलायचा कंटाळा असलेला धनेश पुढे झुकला, वाटीत पंजा घातला आणि मूठभर भात तोंडाला फासला. थोडा नाकात गेला, थोडा गळ्यावर. जीभ बाहेर काढून त्याने तो चाटला. मग तो पुन्हा वाटीकडे झेपावला आणि वाटी मिळेना तसा ओरडला. इतक्या मोठ्याने तो ओरडू शकतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

किशोरीने फोन खाली टाकला. ती बोटाने एकेक घास त्याच्या ओठाशी नेऊ लागली. तो गिळायच्या आधीच पुढच्यासाठी तोंड उघडत होता, आणि ती रडत होती. "भुकेला व्हता गो वहिनी. माजा पोर भुकेला व्हता, आनी मी त्याला शहाना म्हनत बसले." सासूबाई तिच्या मागे बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आठवड्याने चंदरचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. किशोरीने एका दमात सांगून टाकलं, घास दिला, तुझी वाट बघितली नाही, डॉक्टर असं म्हणाल्या, तू रागावू नको. पलीकडे नुसती खरखर. रागावला असंच आम्हाला वाटलं.

मग त्याचा आवाज आला. "ते राहू दे गो. त्यानं खाल्लं किती, ते सांग ना."