चार वाजेपर्यंत

बाईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी गेली दोन वर्षं त्या एका फुटबॉल क्लबच्या नोकरीत होत्या. कारण त्यांची जीभ. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात एक परदेशी भाषा शिकवली होती. पुढे विद्यार्थी आटत गेले, विभाग बंद पडला, त्याच वर्षी नवरा गेला. लेक तर आधीच लग्न करून तीन देश ओलांडून गेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभर बोलणारा म्हणाल तर रेडिओ. अशात एका सकाळी क्लबच्या मॅनेजरचा फोन आला.

"बाई, आम्ही एक स्ट्रायकर आणलाय. त्याला त्याच्या भाषेशिवाय अक्षर येत नाही. दुभाषी म्हणून याल का?"

"स्ट्रायकर म्हणजे संप करणारा का हो?" बाईंनी विचारलं.

मॅनेजर म्हणाला, "देव करो आणि तशी वेळ न येवो."

तर असा तो आला. सहा फूट चार इंच, सरळसोट, पाय न वाकवता झोपायला पलंग पुरत नाही असा. स्टेडियममधल्या लोकांनी आठवड्याभरात त्याचं नाव पाडलं खांब. बाईंनी त्याला घर बघून दिलं, बँकेत नेलं, केस कापणाऱ्याला 'बाजूने थोडे कमी' हे सुद्धा समजावून दिलं. सामना संपला की त्या ड्रेसिंग रूमच्या दारावर टकटक करून विचारायच्या, "सगळे कपड्यांत आहेत का?" आणि आतून वीस जण एका सुरात ओरडायचे, "नाही, बाई!" मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

खांब त्यांना आपल्या भाषेत आईच्या बहिणीला म्हणतात तसं म्हणायचा. मावशी. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा बाईंनी त्याचा उच्चार सुधारल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघितलं. खरं तर उच्चार त्याचा होता, त्याच्याच भाषेतला, त्यात सुधारायचं काय होतं?

पहिल्या वर्षी त्याने चौदा गोल केले. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. ऑपरेशन झालं, तो परत आला, पण पाय पूर्वीसारखा वळेना. अकरा सामन्यांत एक गोल, तोही पेनल्टीवर. लोक आता 'खांब' हा शब्द वेगळ्या अर्थाने म्हणायला लागले होते. बाई ते त्याला सांगत नसत.

एका सोमवारी सकाळी साडेनऊला मॅनेजरने बाईंना बोलावलं. केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावर तीन नावं लिहिलेली होती, त्यातल्या पहिल्याभोवती लाल गोल. कोणाचंच नाव बाईंच्या ओळखीचं नव्हतं.

"बसा. सरळच सांगतो," मॅनेजर म्हणाला. "नियमाप्रमाणे आम्हाला बाहेरच्या देशांचे पाचच खेळाडू ठेवता येतात. नवीन स्ट्रायकर हवा तर एकाला मोकळं करावं लागेल. खेळाडू बदलायची मुदत शुक्रवारी संपते. खांबाला सोडायचं ठरलंय."

बाईंनी फळ्यावरच्या लाल गोलाकडे बघितलं.

"चार वाजता मीटिंग आहे. वकील येतील, त्याचा एजंट फोनवर असेल. तुम्ही लागालच. पण चार वाजेपर्यंत या कानाचं त्या कानाला कळता कामा नये, त्यालाही नाही. बातमी फुटली की ज्याच्याकडून नवा घ्यायचाय तो क्लब आमची नड ओळखणार, आणि मग आम्ही बसलो हात चोळत."

"साहेब, अकरा वाजता मला त्याच्याबरोबर शाळेत जायचंय."

"कुठल्या शाळेत?"

"त्याच्या मुलीच्या प्रवेशासाठी. पुढच्या महिन्यात बायको आणि मुलगी येतायत."

मॅनेजरने डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतं. "मग जा," तो म्हणाला. "नाही गेलात तर त्याला संशय येईल. पण काही बोलणार नाही, असा शब्द द्या." बाईंनी दिला.

शाळेच्या दारात खांब आधीच येऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात मुलीच्या कागदांची फाइल. मुख्याध्यापिकांनी दोघांना एका वर्गात नेलं आणि तिथल्याच छोट्या खुर्च्यांवर बसवलं. खांबाचे गुडघे कानांपर्यंत आले. ऑपरेशनचा गुडघा त्याने हळूच हाताने धरून सरळ केला, कोणाला दिसू नये असा.

त्याचे प्रश्न त्याने घरून लिहून आणले होते. वर्गात मुली किती? तिचे उच्चार ऐकून मुलं हसतील का? ती भित्री आहे, पहिले काही दिवस बाहेर बाकावर तिची आई बसली तर चालेल का? बाई एकेक प्रश्न उचलून इकडून तिकडे ठेवत होत्या. तोंड बंद ठेवावं असं त्यांना वाटत होतं, पण त्यांचं तर कामच तोंडाचं.

"तुम्ही इथे किती वर्षं राहणार आहात?" मुख्याध्यापिकांनी सहज विचारलं.

खांब हसला. "करार अजून दीड वर्षाचा आहे. पुढेही ठेवलं तर राहीन. मला इथे आवडतं."

दुभाष्याने समोरच्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. बाईंनी सांगितलं, "पुढेही ठेवलं तर मी राहीन. मला इथे आवडतं." आवाज त्यांचाच होता, पण त्यांना तो परका वाटला.

मुख्याध्यापिकांनी भिंतीवरच्या खुंट्यांपैकी एक मोकळी खुंटी दाखवली आणि मुलीचं नाव चिकटपट्टीवर लिहून तिथे लावलं सुद्धा. खांबाने त्याचा फोटो काढून तिथल्या तिथे बायकोला पाठवला.

बाहेर पडल्यावर त्याने दोन कॉफी घेतल्या. "मावशी, आज तुम्ही गप्प का?"

"घसा धरलाय," बाई म्हणाल्या.

त्याने आपल्या गळ्यातला मफलर काढून त्यांना दिला. बाई नको नको म्हणत राहिल्या. त्याने ऐकलं नाही. सांगून टाकावं असं त्यांच्या मनात तीनदा आलं. रस्ता ओलांडताना, कॉफी पिताना, आणि तो 'चार वाजता क्लबमध्ये बोलावलंय, बहुतेक डॉक्टरांबद्दल असेल' म्हणाला तेव्हा. तिन्ही वेळा शब्द दातांपर्यंत येऊन मागे फिरले. शब्द दिलाय, त्या स्वतःला सांगत होत्या. आणि शब्दाबरोबर नोकरीही होती, हेही त्यांना ठाऊक होतं. नोकरी म्हणजे दिवसातून चार वेळा वाजणारा फोन. तो थांबला तर घरात काय उरतं हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

चार वाजता केबिनमध्ये मॅनेजर, वकील, कोच आणि टेबलावर उताणा पडलेला फोन. मॅनेजर एकेक वाक्य बोलायचा, बाई सांगायच्या. क्लब तुझा आभारी आहे. क्लबने तुला मोकळं करायचं ठरवलं आहे. कराराप्रमाणे जे असेल ते मिळेल. बाईंनी एकही शब्द मऊ केला नाही आणि एकही कडक केला नाही. आयुष्यात इतकं बिनचूक भाषांतर त्यांनी क्वचितच केलं असेल.

खांबाने कोचकडे बघितलं, कोच नखं बघत होता. मग तो बाईंकडे वळला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "तुम्हाला कधी कळलं?"

"काय म्हणतोय?" वकिलाने विचारलं.

"मला विचारतोय," बाई म्हणाल्या. आणि त्याला त्यांनी खरं सांगितलं. "सकाळी साडेनऊला."

त्याने मान हलवली. हिशोब करत असावा: साडेनऊ, अकरा, ती खुंटी, तो फोटो. मग तो मॅनेजरकडे वळला आणि इथल्या भाषेत, शब्द एकामागे एक नीट मांडत म्हणाला, "कागद द्या. सही करतो. बाईंना घरी पाठवा. मला कळतं."

केबिनमध्ये सगळेच चमकले. त्याला इतकी भाषा कधी आली? बाई एवढंच समजल्या की बरेच दिवस त्याला त्यांची गरज नव्हती, आणि तरी बँक, दुकान, दवाखाना, प्रत्येक वेळी तो त्यांना बोलवत राहिला होता. त्या उठल्या. मफलर खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि बाहेर पडल्या.

मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी फोन केले. उचलले गेले नाहीत. गुरुवारी त्या त्याच्या घरी गेल्या तर दार सताड उघडं आणि क्लबचं सामान सांभाळणारे काका गाद्यांची मोजदाद करत होते.

"पहाटेच्या विमानाने गेला की," काका म्हणाले. "तुम्हाला नाही बोलला?"

"घाईत असेल," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते पुन्हा गाद्या मोजायला लागले. तिथूनच बाईंनी शाळेला फोन करून सांगितलं की ती मुलगी येणार नाही. मुख्याध्यापिका 'अरेरे' म्हणाल्या आणि रांगेतल्या पुढच्या मुलाचं नाव शोधायला लागल्या.

दुपारी मॅनेजरचा फोन आला. लाल गोलातला खेळाडू दुसऱ्या क्लबने पळवला होता. आता फळ्यावरचा दुसरा. तो खांबाच्या शेजारच्या देशाचा, भाषा तीच. "तुमची नोकरी पक्की, बाई," मॅनेजर म्हणाला. त्याला वाटलं आनंदाची बातमी देतोय.

बाई क्लबमध्ये गेल्या आणि मॅनेजरने केबिनमधून त्या खेळाडूला फोन लावला. पलीकडे तेवीस वर्षांचा आवाज, मागे कुत्रं भुंकत होतं. करार, घर, हवामान, सगळं झालं. मग त्या आवाजाने विचारलं, "आधीचा नऊ नंबरचा स्ट्रायकर का गेला?"

बाईंनी प्रश्न सांगितला. मॅनेजर पटकन म्हणाला, "सांगा, घरची ओढ लागली. स्वतःहून गेला."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "हे मी सांगणार नाही."

"बाई, तुमचं काम फक्त..."

"माहीत आहे. दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं, हे मीच तीस वर्षं पोरांना शिकवलं. सोमवारी मी ते अगदी नीट पाळलं, साहेब. आता खरं असेल ते सांगा, मी शब्दाला शब्द सांगते. नाहीतर दुसरं कोणी बघा."

"मुदत उद्या संपतेय."

"म्हणून म्हणते, लवकर सांगा."

मॅनेजरने फळ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. त्या मुलाच्या भाषेतली दुसरी दुभाषी शोधायला त्याला महिना लागला असता. "सांगा," तो शेवटी म्हणाला, "गुडघा गेला, गोल होईनात, म्हणून आम्ही सोडला."

बाईंनी सांगितलं. कुत्रं भुंकायचं थांबलं होतं. "त्याला कोणी सांगितलं?" आवाजाने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. हे मात्र त्यांचं स्वतःचं 'मी' होतं. "आणि मला ते सकाळीच माहीत होतं. तुझ्याबद्दल मला काही कळलं तर तुला त्याच घटकेला कळेल." मग त्यांनी हेच वाक्य मॅनेजरलाही आपल्या भाषेत सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "चालेल. न चालून करतो काय."

नवा आला. गोरटेला, बुटका, कानात कायम गाणी. तिसऱ्याच सामन्यात त्याने दोन गोल केले आणि पंधरा दिवसांत लोक खांबाला विसरले. नव्याला बाईंची फारशी गरज पडत नसे. तो फोनमध्ये बोलायचा आणि फोनच भाषांतर करून द्यायचा. बाई तो फोन ऐकायच्या. व्याकरण ठीक असे, पण 'कृपया' सगळीकडे घुसडलेलं. सामन्यांना त्या जात आणि मैदानाकडे बघत बसत. आता त्यांना ऑफसाइडचा नियमही कळत होता. पण हे सांगायला शेजारी कोणी नसे.

खांबाला त्यांनी पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी मोबाइलवर तीनच ओळी पाठवल्या: चूक झाली, सकाळीच सांगायला हवं होतं, मुलीला आशीर्वाद. त्याने वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"आई, इतकं काय मनाला लावून घेतेस? तो कोण तुझा?"

बाईंना उत्तर सुचलं, पण लेकीसमोर तो शब्द उच्चारणं बरं दिसलं नसतं. त्यांनी जावयाची चौकशी केली आणि फोन ठेवला. हळूहळू त्यांनी वाट बघणंही सोडलं. राग धरायचा त्याला हक्क होता. सोडायचा की नाही, तेही त्यानेच ठरवायचं.

वसंत आला तसा एक दिवस नवा कानातली गाणी बंद करून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला मोठं घर हवं होतं, आईला आणायचं होतं. बाई येतील का घर बघायला?

"येईन," बाई म्हणाल्या. "आधी वर चल."

त्याला घेऊन त्या सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, हा आईला आणतोय. पुढच्या वर्षी हा इथे असणार आहे ना?"

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "आत्ता तरी हो," तो म्हणाला.

बाईंनी भाषांतर केलं, आणि 'आत्ता तरी' हे दोन शब्द जरा हळू, वेगळे करून सांगितले. नव्याला नीट कळेपर्यंत त्या थांबल्या. त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, आईला दोनच महिन्यांसाठी बोलावतो, आहे तेच घर पुरेल.

"चांगलं," बाई म्हणाल्या.

जिना उतरून दोघं रस्त्यावर आली. त्याने कानात गाणी घातली, हात हलवला आणि सराव मैदानाकडे पळत गेला. बाईंची बस यायला अजून वीस मिनिटं होती. त्या बस थांब्यावर गेल्या, पर्स मांडीवर घेऊन बसल्या.